फॉर्ममधल्या त्या एका रकान्याबद्दल

पत्र: बाई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. प्राथमिक शाळेत शिकवते आणि गेली चार वर्षं इथल्या एका हौशी नाट्यसंस्थेत काम करते. यंदा आम्ही दोनच पात्रांचं नाटक बसवलंय. आईच्या तेराव्याच्या आदल्या रात्री गावच्या घरात बसलेले बहीण आणि भाऊ. पावणेदोन तास दोघंही रंगमंचावर. बंगळूरच्या एका महोत्सवासाठी फॉर्म इंग्रजीत भरायचा आहे, नाटकाचं पत्रकही इंग्रजीत हवंय. आमच्या दिग्दर्शकांच्या पुतण्यानं फॉर्म भरला. भावाचं काम करणाऱ्या दादांच्या नावापुढं त्यानं ‘लीड ॲक्टर’ लिहिलं आणि माझ्या नावापुढं ‘सपोर्टिंग ॲक्ट्रेस’. मी विचारल्यावर खोडून ‘को-ॲक्ट्रेस’ केलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘को-स्टार’ लिही की, भारी वाटतंय. दादा म्हणाले, मी पंधरा वर्षं नाटकं करतोय, आणि एका शब्दानं काय होतंय? मी गप्प बसले. घरी येताना बसमध्ये मात्र डोळ्यांत पाणी आलं. यातला बरोबर शब्द कुठला? आणि एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घेणं हा कोतेपणा आहे का? संहिता सोबत पाठवतेय.

ताई,

कोतेपणा अजिबात नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही तो प्रश्न अगदी शेवटी, घाबरत घाबरत विचारलाय.

एका शब्दानं काय होतं, हे दादांना सांगता येईल असं एक उदाहरण देते. ऑस्करच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘सपोर्टिंग’ असा प्रकारच नव्हता. 1935 साली ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ नावाचा चित्रपट आला. त्यातल्या क्लार्क गेबल, चार्ल्स लॉटन आणि फ्रॅन्शो टोन या तिघांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं. एकाच चित्रपटातले तीन नट एकमेकांच्या समोर उभे राहिले आणि पुरस्कार दुसऱ्याच चित्रपटातल्या चौथ्या माणसाला गेला. त्यानंतरच्या, म्हणजे 1937 च्या सोहळ्यापासून ‘सपोर्टिंग’ भूमिकांसाठी वेगळे पुरस्कार सुरू झाले. पहिली काही वर्षं तर ‘लीड’वाल्यांना तो प्रसिद्ध पुतळा मिळायचा आणि ‘सपोर्टिंग’वाल्यांना नुसती पाटी. पुढे 1944 च्या एका चित्रपटासाठी बॅरी फिट्झगेराल्ड या नटाला एकाच भूमिकेबद्दल दोन्ही रकान्यांत नामांकन मिळालं. तो ‘सपोर्टिंग’मध्ये जिंकला, ‘लीड’मध्ये हरला. तिथं हरला कुणाकडून, तर त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीकडून! त्यानंतर नियम बदलला, एका भूमिकेला एकच रकाना.

तेव्हा तुमच्या महोत्सवातही परीक्षक असतील, बक्षिसं असतील, तर तुमचं काम कोणत्या ढिगात ठेवून पाहिलं जाईल हे या रकान्यावर ठरणार. तुम्ही ‘सपोर्टिंग’ म्हणून गेलात तर परीक्षक पडदा उघडण्याआधीच तुम्हाला आधाराला ठेवलेलं पात्र समजून बघायला बसणार. बक्षिसं नसली तरीही तुम्ही जे पावणेदोन तास करता त्याचं कागदावरचं नाव चुकीचं असू नये. तुम्ही शिक्षिका आहात. मुलाच्या प्रगतिपुस्तकात दुसऱ्याचे गुण पडले तर तुम्ही ‘एका आकड्यानं काय होतंय’ म्हणाल का?

आता शब्दांकडे येते. पुतण्याला मी फार दोष देणार नाही. त्याची चूक इंग्रजीत झाली तरी तिचं मूळ आपल्या मराठीत आहे. आपल्याकडे ‘सहकलाकार’ हा एक मोठा मवाळ शब्द आहे. तोलामोलाच्या दोन नटांपैकी एकानं दुसऱ्याबद्दल बोलताना ‘माझे सहकलाकार’ म्हटलं की तो बरोबरीचा असतो. आणि ‘प्रमुख भूमिकेत अमुक, सहकलाकार तमुक, तमुक, तमुक’ असं जाहिरातीत आलं की तोच शब्द खालच्या ओळीत जाऊन बसतो. मराठीत संदर्भानं निभावून जातं. इंग्रजीत मात्र या दोन अर्थांना दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतला एक निवडावाच लागतो. पुतण्याच्या डोक्यात ‘सहकलाकार’ होता, त्याचं त्यानं ‘सपोर्टिंग’ करून टाकलं. दोनातला पुरुष वरच्या ओळीत आणि बाई खालच्या ओळीत, ही सिनेमाच्या पोस्टरांनी लावलेली सवयही त्यात असणारच. तुम्हालाही ते जाणवलं असेल, फक्त पत्रात लिहिलेलं नाही.

आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे ‘सपोर्टिंग’साठी ‘पोषक नट’ असा शब्द आहे. मला तो फार आवडतो. मुख्य पात्राला पोसणारा, बळ देणारा. ती कामंही मोलाची असतात, आणि उद्या तुम्हाला तशी भूमिका मिळाली तर आनंदानं करा. पण या नाटकातली बहीण भावाला पोसायला ठेवलेली नाही.

हे मी नुसतं तुमच्या पत्रावरून म्हणत नाही. तुम्ही संहिता पाठवलीत, ती मी रविवारी दुपारी दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचली. भावाची वाक्यं निळ्या, बहिणीची तांबड्या. वाक्यं मोजली तर दादांची थोडी जास्त भरतात, हे मान्य करूया. त्यांची दोन लांब स्वगतं आहेत, तुमचं एकही नाही. पण दुसऱ्या अंकातलं ते पान बघा. भाऊ स्टँपपेपर तिच्यापुढं ठेवतो. ती पेन घेते, टोपण काढते, कागदाकडे बघते, आणि टोपण परत लावते. एक शब्द नाही. माझ्या त्या पानावर तांबडी रेघच नाही, कारण रेघ मारायला वाक्यच नाही. आणि तिथून पुढं भाऊ जे दीड पान बोलतो, ओरडतो, विनवतो, रडतो, ते सगळं त्या लावलेल्या टोपणाचं उत्तर आहे. घर विकलं जाणार की नाही हे तिथं ठरतं, आणि ते तुम्ही ठरवता. ज्याच्या निर्णयावर नाटक वळतं तो ‘सपोर्टिंग’ नसतो.

दिग्दर्शकांशी बोलताना हेच पान उघडून ठेवा. वाक्यांची संख्या मोजत बसू नका, तिथं तुम्ही हराल. असा विचार करा: या पात्राला स्वतःला काही हवंय का? ते मिळवण्यासाठी ते झगडतं का? शेवटी ते सुरुवातीला होतं तसंच राहतं का, की बदलून बाहेर पडतं? तुमच्या बहिणीबाबत तिन्ही उत्तरं ठाम आहेत. तिला ते घर हवंय, ती त्यासाठी सख्ख्या भावाशी भांडते, आणि शेवटी किल्ली त्याच्या हातात देऊन निघून जाते तेव्हा ती पहिल्या प्रवेशातली बहीण राहिलेली नसते.

म्हणून तुमचा शब्द आहे ‘को-लीड’.

‘लीड’ म्हणजे नाटक पुढे नेणारी भूमिका, आणि ती करणारा नटही. दोघं मिळून नेत असतील तर दोघं ‘को-लीड’. दोघांच्या नावापुढं एकच शब्द, कुणाचा वरचा नाही, कुणाचा खालचा नाही. फॉर्ममध्ये ‘को-लीड’ असा पर्याय नसेल, नुसतेच ‘लीड’ आणि ‘सपोर्टिंग’ असे दोन चौकोन असतील, तर दोघांनीही ‘लीड’वर खूण करायची. नाटकाला लीड एकच असला पाहिजे असा कायदा कुठंही नाही. आपल्याकडे तालमीत आपण ‘मेन रोल’ म्हणतो. इंग्रजीत ते चूक नाही, पण नाटकाच्या कागदावर ‘लीड रोल’ किंवा ‘लीडिंग रोल’ हेच चालतं. उच्चार मात्र ‘लीड’. तीच अक्षरं ‘लेड’ अशी वाचली तर त्याचा अर्थ शिसं होतो, आणि महोत्सवाच्या मंचावर पुतण्याकडून तेवढं व्हायला नको.

‘को-स्टार’चं काय? तो सुचवणाऱ्यानं चांगल्या मनानं सुचवला असेल, पण फॉर्ममध्ये तो घालू नका. ‘लीड’ हा शब्द भूमिकेबद्दल बोलतो, ‘स्टार’ हा शब्द माणसाच्या प्रसिद्धीबद्दल. ज्यांच्या नावावर तिकिटं खपतात असे दोघं एकत्र आले की ते ‘को-स्टार’.

याचं आपल्या रंगभूमीवरचं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एक ललितकलादर्शचे मालक, दुसरे गंधर्व नाटक मंडळीचे. दोघांच्या चाहत्यांचे दोन तट होते, आणि ते दोघं एका रात्री एका मंचावर समोरासमोर गायले. पुढं तीन महिन्यांतच केशवराव गेले, त्यामुळं त्या रात्रीची आठवण मराठी माणसाच्या मनात आणखी हळवी झाली. त्यांची ललितकलादर्श 1908 साली सुरू झाली ती आपल्या हुबळीत, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायची. तर ते दोघं खरे ‘को-स्टार’, आणि भूमिकांच्या हिशेबानं ‘को-लीड’सुद्धा. इंग्रजीत ज्याला आज दोन शब्द लागतात ते तेव्हाच्या लोकांनी ‘संयुक्त’ या एका शब्दात बसवलं होतं. आधी कुणाचं नाव, नंतर कुणाचं, हा प्रश्नच त्या शब्दानं बाजूला सारला.

‘को-स्टार’ टाळायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. वर्तमानपत्री इंग्रजीत ‘हिज को-स्टार’ म्हणजे त्याच्यासोबत काम केलेलं कुणीही मोठं नाव. पण अमेरिकन टीव्हीच्या श्रेयनामावलीत ‘को-स्टार’ ही फार खालची पायरी आहे. एखाद्या भागात येऊन दोनचार वाक्यं बोलून जाणारा वेटर, नर्स, हवालदार यांना तिथं ‘को-स्टार’ म्हणतात. त्याच्या वर ‘गेस्ट स्टार’, त्याच्या वर कायमचे नट. ज्यानं ती व्यवस्था पाहिली आहे असा कुणी परीक्षक असेल तर त्याच्या मनात तुमची भूमिका भलतीच छोटी होऊन बसेल. ज्या शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ लागतात तो अर्जात कशाला?

बोलताना मात्र वापरा की. प्रयोगानंतर कुणी इंग्रजीत विचारलं तर दादांबद्दल ‘माय को-स्टार’ म्हणणं चांगलंच दिसतं. क्रियापद म्हणूनही तो शब्द चालतो. अमक्यानं तमक्यासोबत ‘को-स्टार’ केलं, असं ते लोक म्हणतात. आणि ‘ऑपोझिट’ हा एक छान शब्द आहे. ‘शी प्लेज ऑपोझिट हिम’ याचा अर्थ ती त्याच्या विरोधात आहे असा नाही. ती त्याच्यासमोरची बरोबरीची भूमिका करते, एवढाच. बहुतेक वेळा प्रेमी जोडीसाठी वापरतात, म्हणून बहीण-भावाच्या नाटकात मी तो छापणार नाही.

‘को-ॲक्ट्रेस’ हा आपल्या इकडचा शब्द. चूक म्हणणार नाही, पण इंग्रजी रंगभूमीवर तो सहसा ऐकू येत नाही. तिथं ‘फेलो ॲक्टर’ म्हणतात, हल्ली ‘कास्टमेट’ म्हणतात. आणि त्यातून फक्त एवढंच कळतं की तुम्ही त्याच नाटकात होता. पाणी आणून देणारा गडीसुद्धा कास्टमेटच. ‘ॲक्ट्रेस’ऐवजी बाईलाही ‘ॲक्टर’च म्हणायची पद्धत आता तिकडे रुळली आहे. ते तुमच्या आवडीवर सोडते. पण एक करा: दोघांना एकच मोजमाप लावा. दादा ‘ॲक्टर’ आणि तुम्ही ‘ॲक्ट्रेस’ चालेल, दादा ‘लीड ॲक्टर’ आणि तुम्ही नुसत्या ‘ॲक्ट्रेस’ हे चालणार नाही. आणि ‘हिरो-हिरॉइन’ तर लिहूच नका. इंग्रजीत ‘हिरो’ हे पात्र असतं, नट नव्हे. नटाला ‘लीडिंग मॅन’, नटीला ‘लीडिंग लेडी’ म्हणतात, आणि त्या शब्दांनाही जुन्या प्रेमकथांचा वास आहे. ‘साइड हिरो’, ‘साइड रोल’ हे तर आपल्या बाजारपेठेचे शब्द, ते सीमेपलीकडे कुणाला कळायचे नाहीत.

आता मला तुम्हाला एक शब्द भेट द्यायचा आहे. ‘टू-हँडर’.

दोनच पात्रांच्या नाटकाला इंग्रजी रंगभूमी ‘टू-हँडर’ म्हणते. ‘हँड’ म्हणजे हात, आणि काम करणारा माणूसही. सुगीत आपण म्हणतो ना, दोन हात कमी पडतायत, तसंच. आपल्याकडे ‘द्विपात्री’ आहे, पण त्यात पात्रांची नुसती मोजदाद होते. ‘टू-हँडर’मध्ये ओझं उचलल्याचा भास आहे. पालखीचे दोन भोई असावेत तसे दोन हात, एकानं सोडलं की खाली. पत्रकाच्या पहिल्या ओळीत हा शब्द आला की ‘सपोर्टिंग’ला जागाच राहत नाही. दोघांनीच उचललेल्या नाटकात एक जण दुसऱ्याचा नुसता टेकू कसा असेल? ज्याला रंगभूमीची जाण आहे तो वाचक तो एक शब्द बघून समजेल की या गटाला आपल्या नाटकाचा प्रकार ठाऊक आहे. पुढं कधी आठदहा जणांचं, सगळ्यांना सारखं काम असलेलं नाटक केलंत तर त्यासाठी ‘ऑन्सॉम्बल’ हा शब्द लक्षात ठेवा. तो फ्रेंचमधून आलाय, अर्थ ‘सगळे मिळून’.

पुतण्यानं पत्रकाच्या मसुद्यात दादांना ‘प्रोटॅगनिस्ट’ आणि तुम्हाला ‘शेअर्ड लीड’ लिहून पाहिलं होतं, असं तुम्ही शेवटच्या ताज्या कलमात कळवलंय. दोन्ही काढायला सांगा.

‘प्रोटॅगनिस्ट’ हा शब्द पात्राला लावायचा, नटाला नाही. म्हणजे आज नाही. मुळात ग्रीकांकडे तो नटालाच होता. ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला, ‘ॲगोनिस्टेस’ म्हणजे स्पर्धेत उतरलेला, नट. ॲरिस्टॉटल सांगतो की एस्किलस या नाटककारानं दुसरा नट आणला आणि त्याच्यानंतरच्या सोफोक्लीसनं तिसरा. त्या दुसऱ्याला ‘ड्यूटेरॅगनिस्ट’ म्हणायचे. गंमत बघा, तुमचं आजचं भांडण अडीच हजार वर्षांपूर्वी मंचावर दुसरा माणूस आला त्या दिवशीच सुरू झालं असणार. ‘पहिला’ हा अर्थ त्या शब्दात असल्यामुळं एका नाटकात दोन प्रोटॅगनिस्ट कसे, असा वाद इंग्रजीचे काटेकोर लोक अजून घालतात. फाउलर यांनी 1926 च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात त्या शब्दाच्या अनेकवचनावर चांगलाच राग काढला आहे. आजच्या इंग्रजीत दोन प्रोटॅगनिस्ट सर्रास चालतात. पण तुमच्या पत्रकात या वादाचं काही काम नाही.

‘शेअर्ड लीड’मध्ये खरा धोका आहे. त्याचा अर्थ एकच भूमिका दोघांत वाटलेली, असाही लागतो, आणि तसं खरोखर करतात. 2011 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ झालं, तेव्हा बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर एका रात्री एक शास्त्रज्ञ आणि दुसरा त्यानं घडवलेला प्राणी, दुसऱ्या रात्री उलट, असं आलटून पालटून करायचे. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑलिव्हिये पुरस्कार, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचा मोठा मान, दोघांना मिळून दिला गेला. त्याआधी 2006 मध्ये ‘बिली एलियट’ या संगीतिकेत बिलीचं काम पाळीपाळीनं करणाऱ्या तीन मुलांना एकच ऑलिव्हिये पुरस्कार मिळून मिळाला होता. याला इंग्रजीत ‘ऑल्टर्नेटिंग’ म्हणतात, म्हणजे पाळीनं. आणि नट आजारी पडला तर उभा राहायला तयार ठेवलेला तो ‘अंडरस्टडी’. ‘शेअर्ड लीड’ वाचून कुणाला वाटायचं की बहिणीचं काम शनिवारी तुम्ही करता आणि रविवारी दुसरंच कुणी. ‘को-लीड’मध्ये ही शंका येत नाही.

राहिला नावांचा क्रम. इथं मी दादांच्या बाजूनंही दोन शब्द बोलणार आहे. पंधरा वर्षं नोकरी सांभाळून, तालमीला धावत येऊन ज्यानं रंगभूमी केली त्याचा मान आहेच, आणि तो राखावा. पण ज्येष्ठतेचा मान वेगळ्या जागी राखता येतो. पत्रकात प्रत्येकाच्या परिचयाच्या दोन ओळी असतात, तिथं त्यांची पंधरा वर्षं ठळक येऊ द्यात. भूमिकेच्या नावात ती घालू नयेत. काम काय केलं ही एक गोष्ट, माणूस किती जुना, किती प्रसिद्ध ही दुसरी, आणि कागदावर कुणाचं नाव आधी ही तिसरी. तुमच्या तालमीत त्या रात्री या तिन्हींची एकच मोट बांधली गेली, म्हणून सगळे दुखावले.

क्रमाला इंग्रजीत ‘बिलिंग’ म्हणतात, आणि त्यावरून हॉलिवूडच्या वकिलांची घरं चाललीत. 1974 च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’मध्ये स्टीव्ह मॅक्क्वीन आणि पॉल न्यूमन हे दोघं त्या काळचे सगळ्यात मोठे नट होते आणि पहिलं नाव दोघांनाही हवं. शेवटी मॅक्क्वीनचं नाव डावीकडे पण जरा खाली, आणि न्यूमनचं उजवीकडे पण जरा वर, असं छापलं. डावीकडून वाचणाऱ्याला हा पहिला, वरून वाचणाऱ्याला तो. तुम्हाला एवढी कसरत करायला नको. इंग्रजी पत्रकात ‘इन अल्फाबेटिकल ऑर्डर’ असं लिहा आणि अक्षरांना ठरवू द्या.

आणि इथं मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट सापडली, तिनं मी फार खूश झाले. तुमचं नाव ‘भ’वरून आहे आणि दादांचं ‘द’वरून. इंग्रजी अक्षरांत ‘भ’ हा ‘बी’मध्ये जातो, म्हणजे तुम्ही आधी, दादा नंतर. पण प्रयोग बेळगावला होईल तेव्हा पत्रक मराठीत असेल, आणि आपल्या वर्णमालेत ‘द’ आधी येतो, ‘भ’ कितीतरी नंतर. कन्नड वर्णमालेचा क्रमही तोच. म्हणजे बंगळूरच्या इंग्रजी कागदावर तुमचं नाव पहिलं, आणि इथल्या मराठी-कन्नड कागदावर दादांचं पहिलं. नियम तिन्हीकडे एकच, कुणाला झुकतं माप नाही. आपण तीन लिप्यांत राहतो म्हणून हे आपल्याला जमतं. हे दिग्दर्शकांना सगळ्यांसमोर सांगा, आणि दादांना ते आधी एकट्यात सांगा. त्यांना आवडेल असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला गप्प बसू नका असं मी का सांगतेय, तेही लिहिते. माझ्या तरुणपणी आमच्या महाविद्यालयाच्या एका नाटकाचं इंग्रजी पत्रक मीच तयार केलं होतं. जागा कमी होती. मी चार नावं घातली आणि पुढं ‘अँड अदर्स’ लिहून मोकळी झाले. आईचं काम करणारी माझी वर्गमैत्रीण त्या ‘अदर्स’मध्ये गेली. ती काही बोलली नाही. पुढं लग्न झालं, तिनं पुन्हा कधी नाटक केलं नाही. ती गेल्यावर तिची मुलगी मला भेटायला आली, टिळकवाडीत माझ्या घरी. तिच्या हातात ते पत्रक होतं. चार घड्या पडलेलं, पिवळं, टाचणी लावलेल्या जागी गंजाचा डाग. आईच्या ट्रंकेत सापडलं म्हणाली. ते माझ्यासमोर उलगडून तिनं विचारलं, “मावशी, आई नेहमी सांगायची की यात तिचं मोठं काम होतं. यात आई कुठं आहे?” मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. दुसरं काय करणार होते?

म्हणून बोला, पण भांडायला म्हणून जाऊ नका. तालमीच्या आधी, सगळे जमण्यापूर्वी दिग्दर्शकांना गाठा. ते टोपणाचं पान सोबत न्या. “माझं नाव मोठं करा” असं म्हणू नका, “या भूमिकेला काय म्हणायचं ते आपण एकदा ठरवूया” असं म्हणा. पुतण्याला बाजूला घेऊन शब्द समजावून सांगा. तो शिकेल, आणि पुढच्या वर्षीचा फॉर्मही बहुधा तोच भरणार आहे. दिग्दर्शकांनी सगळं ऐकून घेऊन तरी नाहीच म्हटलं, तर तो त्यांचा निर्णय. प्रयोग मात्र सोडू नका, आणि पुढच्या नाटकाला होकार देण्याआधी हा विषय आधीच काढा.

फॉर्म आणि पत्रकासाठी मजकूर देते, तसाच इंग्रजीत उतरवून घ्या. नाटकाच्या नावाखाली: ‘अ टू-हँडर इन मराठी’. त्याखाली: ‘कास्ट, इन अल्फाबेटिकल ऑर्डर’. मग तुमचं नाव, पुढं ‘द सिस्टर’. मग दादांचं नाव, पुढं ‘द ब्रदर’. पत्रकात ‘लीड’ हा शब्द छापायचीही गरज नाही, दोनच नावं असताना वाचणाऱ्याला दिसतंच. फॉर्ममध्ये जिथं भूमिकेचा प्रकार विचारलाय तिथं दोघांच्याही पुढं ‘को-लीड’. बेळगावच्या मराठी पत्रकात ‘प्रमुख भूमिका’ आणि खाली दोन्ही नावं, कन्नडमध्ये ‘प्रमुख पात्रगळल्ली’ आणि खाली तीच दोन नावं.

छापायला देण्याआधी स्पेलिंग दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, फोनवर सांगू नका. आणि बेळगावचा प्रयोग कधी आहे ते कळवा. टोपण परत लावतानाचा तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, ते मला तिथं बसून ऐकायचंय.